गवतावरची रेघ

किलारन, काउंटी स्लायगो
१८ जून १९६१

प्रिय अ‍ॅटी,

तुझं पत्र आणि आईचे लोकरी मोजे गुरुवारी पोचले. मोजे तिला घट्ट होतात, पण हे तुला कळवायचं नाही असं तिनं मला बजावलं आहे. तेव्हा तू हे वाक्य वाचलं नाहीस असं समज.

इकडची बातमी म्हणजे आपल्या पडक्या मठाला गाइड मिळाला आहे. मास्तरांचा लॉर्कन कॉली. शाळेत माझ्या शेजारी बसून माझ्या पाटीवरून शुद्धलेखन उतरवायचा, तोच. आता गॉलवेच्या कॉलेजात जुन्या वास्तूंचा अभ्यास करतो. उन्हाळ्यापुरता घरी आला आहे आणि फादर गिल्हूलींनी त्याला पाहुण्यांना मठ दाखवायचं काम दिलं. मी सहा वर्षं तेच काम करतो आहे, पण मला ते कुणी दिलेलं नव्हतं. लोक दार वाजवायचे, आई हात पुसत मला हाक मारायची, मी खिळ्यावरची किल्ली घेऊन निघायचो. पणजोबांपासून असंच चाललं होतं. जे कधी दिलंच नव्हतं ते काढून घेतलं अशी तक्रार कुणाकडे करणार?

किल्ली अजून आपल्याच खिळ्यावर आहे. लॉर्कन रोज दहा वाजता दार न वाजवता आत येतो, आईला काय म्हणता मिसेस टॅन्सी असं विचारतो आणि किल्ली काढतो. आई त्याला सोडा ब्रेडचा तुकडा लोणी लावून देते. मला लोणी माझं मी लावून घ्यायला सांगते.

उत्तरेच्या भिंतीत जीभ बाहेर काढलेलं दगडी तोंड आहे ना, ते गवंड्यानं आपल्या सासूचं कोरलं आणि म्हणूनच सासू त्या रविवारपासून दुसऱ्या चर्चला जाऊ लागली, ही आजोबांची गंमत. मी ती सांगितली की पाहुणे मान हलवून आभाळाकडे बघायचे. परवा लॉर्कननं तीच सांगितली तर डब्लिनच्या चार बायका भिंतीला टेकून हसत होत्या. मी पलीकडे कुंपणाचे पडलेले दगड रचत होतो म्हणून कानावर आलं. मुद्दाम ऐकत नव्हतो.

संध्याकाळी मी अभिप्रायांची वही बघतो. पूर्वी लोक ‘मठ चांगला, हवा वाईट’ एवढंच लिहीत. आता पानभर लिहितात आणि त्यात त्याचं नाव असतं. एका बाईनं ते चुकीचं लिहिलं होतं. मी ते दुरुस्त केलं नाही.

मला त्याचा हेवा वाटतो असं कृपा करून समजू नकोस. बाबा गेले आणि चौदाव्या वर्षी माझी शाळा सुटली. तेव्हापासून या गावात माझं नाव दोनच गोष्टींसाठी आहे, मठाची किल्ली आणि शुद्धलेखन. अमेरिकेला पत्र धाडायचं असलं तर लोक आधी माझ्याकडे आणतात. त्यातली किल्ली गेली, एवढंच सांगायचं होतं.

तुझा,
फिंटन

*

मँचेस्टर
२७ जून १९६१

प्रिय फिन,

हेवा वाटत नाही हे सांगायला तू तीन पानं घेतलीस. वाटला असता तर पार्सलच आलं असतं.

आता ऐकून घे. लोणी लावायला आईला कुणीतरी लागतंच. मी होते तोवर मला लावायची, तेव्हा तुझं तोंड असंच व्हायचं. लॉर्कन ऑक्टोबरात जाईल आणि तुकडा तुझा होईल. तोवर त्याच्याशी नीट वाग. मुलगा वाईट नाही. गेल्या आठवड्यात त्यानं मला मठाचं चित्र असलेलं कार्ड पाठवलं. तू कसा आहेस, कामं किती करतोस, असं दोन ओळींत लिहिलं होतं. आयरिशमध्ये लिहिलं म्हणून मला दोनदा वाचावं लागलं. हॉस्पिटलात माझ्या वॉर्डातल्या नर्सना वाटलं प्रेमपत्र आहे. मी त्यांना तसंच वाटू दिलं.

तुला एक विचारते, रागावू नकोस. ती सासूची गंमत सांगताना तू पाहुण्यांकडे बघतोस की जमिनीकडे?

मोजे परत पाठव, दुसरे धाडते. मी काही वाचलेलं नाही.

तुझी,
अ‍ॅटी

*

किलारन
९ जुलै १९६१

प्रिय अ‍ॅटी,

जमिनीकडे. पण त्याचा इथं काही संबंध नाही.

त्यानं तुला कार्ड पाठवल्याचं तो मला बोलला नव्हता. त्याला तुझा पत्ता कुणी दिला हे मी आईला विचारलं. तिनं दिला.

मठामागच्या कुंपणात भुकेचं गवत आहे, मोठ्या दुष्काळात मेलेल्यांना पुरलं ते, तिथं स्मारक उभं करायचं ठरलं आहे. फादरांची समिती झाली आणि दुसरीकडची स्मारकं कशी आहेत ते बघायला आम्ही अकरा जण मंगळवारी बसनं गेलो. दिवसभर पाऊस पडत होता. कॅरोमोरला शेतातली ती दगडी थडगी पाहिली. लॉर्कन एका थडग्याच्या छताखाली वाकून उभा राहिला आणि पाच हजार वर्षांचा हिशोब असा सांगू लागला, जणू पुरायला हाच आला होता. मिसेस कॉली सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, आमच्या लॉर्कनला दगडसुद्धा उत्तर देतात. मग नॉकनारीचा डोंगर चढलो. माथ्यावर जुन्या राणीच्या थडग्याचा दगडांचा ढीग आहे, त्यावर टाकायला प्रत्येकानं खालून एक दगड न्यायचा, तसा मी नेला, बऱ्यापैकी मोठा. अर्ध्या वाटेवर लॉर्कननं म्हाताऱ्या नोरा स्नीचा दगड आपल्या खिशात घातला आणि सगळे त्याचं कौतुक करू लागले. माझ्या हातात माझा दगड, फादरांची छत्री आणि सँडविचांची पिशवी होती. ते कुणाला दिसलं नाही. उतरल्यावर एका गावच्या चौकात भालेवाल्या बंडखोराचा पुतळा पाहिला. लॉर्कन म्हणाला, आपल्याकडे पुतळा नको, एक साधा दगड आणि एकच ओळ पुरे. सगळ्यांना पटलं. परत येताना मी एकटा बसलो होतो. लॉर्कन दोनदा शेजारी येऊन बसला, पण मी झोप लागल्याचं दाखवलं.

ओळही त्यानंच लिहिली आहे, आयरिशमध्ये. ‘या गवताखाली आपली माणसं निजली आहेत. पाऊल हळू टाका.’ ओळ चांगली आहे. वाईट असती तर मला बरं वाटलं असतं, हे तुला सांगायला हरकत नाही.

त्यानं ती टाइप करून समितीला दिली. दगड कोरणाऱ्याला मात्र सुवाच्य अक्षरातली प्रत लागते, म्हणून फादर म्हणाले, शब्द लॉर्कनचे आणि अक्षर फिंटनचं. लोक हसले. मी बुधवारी प्रत करून टबरकरीला बार्टली ब्रेहनीकडे पाठवून दिली. तुला बघायला तशीच एक सोबत जोडली आहे. अगदी मुळाबरहुकूम आहे. मी एक टिंबही इकडचं तिकडे केलेलं नाही.

अनावरण पंधरा ऑगस्टला आहे. लॉर्कन भाषण करणार.

तुझा,
फिंटन

*

मँचेस्टर
१७ जुलै १९६१

प्रिय फिन,

तुला बरं नाही का? खरं सांग.

तू जोडलेला कागद मी तीनदा वाचला. ‘फेअर’ म्हणजे गवत. त्याच्या डोक्यावर तिरपी रेघ असते. तू रेघ दिलेली नाहीस. रेघ गेली की ते ‘फॅर’ होतं, म्हणजे माणूस. ‘या माणसाखाली आपली माणसं निजली आहेत.’ पहिल्यांदा वाचून मला हसू आलं आणि मग हसल्याची लाज वाटली.

आयुष्यात तू एक रेघ चुकलेली मला आठवत नाही. माझ्या शाळेच्या वहीवर तू, माझ्याहून पाच वर्षांनी लहान, पेन्सिलीनं रेघा देत बसायचास आणि मी तुला बदडायची. म्हणून वाटलं, ताप असेल किंवा घाईत असशील. माझ्या प्रतीत राहिली तर राहू दे. ब्रेहनीच्या कागदावर नीट आहे ना, तेवढं उलट टपाली कळव.

आजी त्या कुंपणाशी आली की खिशातला पावाचा तुकडा चाचपायची, आठवतं? त्या गवतावर पाय पडला तर त्यांची भूक आपल्याला लागते म्हणायची. तिच्या आईची दोन भावंडं तिथं आहेत, ओनी आणि थेडी. एक सहा वर्षांची, एक चार. पेटी नव्हती, नाव नाही, खूण नाही. एकशे चौदा वर्षांनी त्यांना एक ओळ मिळते आहे.

आईला सांगू नकोस, तू आजारी आहेस का असं मी विचारल्याचं. ती तुला रोज एरंडेल पाजेल.

तुझी,
अ‍ॅटी

*

किलारन
२१ जुलै १९६१

प्रिय अ‍ॅटी,

माझी तब्येत ठीक आहे. ताप नव्हता.

तू विचारलंस म्हणून सांगतो. लॉर्कनच्या टाइपरायटरवर रेघेची कळ नाही. तो आधी टाइप करतो आणि मग शाईनं एकेक रेघ देतो. बाकी सगळ्या दिल्या, ही राहिली. मला कागदाची प्रत करायला सांगितलं होतं, कागद तपासायला नाही. फादरांचे शब्द तू पुन्हा वाच, मी ते जसेच्या तसे लिहिले होते. शब्द लॉर्कनचे, अक्षर माझं. रेघ ही शब्दाचा भाग आहे, अक्षराचा नाही, असं म्हणता येईल.

कॉलेजात दोन वर्षं घालवलेल्या माणसाला गवत आणि माणूस यांतला फरक कळू नये, हे माझं पाप नाही.

मिसेस कॉली काल दुकानात सांगत होत्या की अनावरणाला गॉलवेचे प्राध्यापक येणार आहेत. लॉर्कननं बोलावलं आहे. ते दगड वाचतील.

आई मजेत आहे. नवे मोजे बरोबर बसतात.

फिंटन

*

मँचेस्टर
२५ जुलै १९६१

फिन,

म्हणजे तुला दिसलं होतं.

मी वॉर्डात काम करते. बाटलीवर चुकीचं नाव दिसलं तर चिठ्ठी दुसऱ्यानं लावली म्हणून मी ते औषध पेशंटला पाजत नाही.

तुला लॉर्कनचा हेवा वाटतो. वाटू दे की. मला इथल्या एका बारीक कमरेच्या नर्सचा इतका वाटतो की तिच्या चहात मी मुद्दाम साखर कमी घालते. हेवा वाटल्यानं कुणी मरत नाही. पण तू लॉर्कनवरचा राग ओनी आणि थेडीवर काढतो आहेस. प्राध्यापक हसतील, लॉर्कन चार दिवस लाल होईल आणि कॉलेजात निघून जाईल. दगड तिथंच राहील आणि तू रोज त्याच्यावरून जाशील.

मी लॉर्कनला कळवू शकते. पत्ता आहे माझ्याकडे. कळवणार नाही. हे तुझं काम आहे.

अ‍ॅटी

*

किलारन
२ ऑगस्ट १९६१

प्रिय अ‍ॅटी,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. मी ते दोन दिवस उघडलं नाही, कारण पाकिटावर तू पत्ता किती दाबून लिहिला होतास ते बघूनच आत काय आहे ते कळलं होतं.

सोमवारी सायकलनं टबरकरीला गेलो. कोटाच्या आतल्या खिशात लॉर्कनचा मूळ कागद घेतला होता. ठरवलं होतं की तो ब्रेहनीला दाखवायचा आणि चूक कुणाची ते सरळ सांगायचं. दगड दुरुस्त होईल आणि लोकांनाही कळेल, असं वाटत होतं. अकरा मैल हेच मनात चाललं होतं आणि खरं सांगतो, मजेत गेलो.

ब्रेहनी म्हातारा झाला आहे. शेडमध्ये बादली उलटी घालून बसला होता, भुवयांपर्यंत दगडाची पांढरी भुकटी. पहिली ओळ कोरून झाली होती. त्याला आयरिशचा एक शब्द कळत नाही, पण माझ्या कागदावरचं अक्षर त्यानं हुबेहूब उचललं होतं, माझ्या ‘आर’ अक्षराचा शेवटचा फराटासुद्धा. माझं अक्षर एवढं मोठं मी कधी पाहिलं नव्हतं. आणि त्याच्या मधोमध तो शब्द उघड्या डोक्यानं उभा होता.

मी म्हटलं, इथं एक रेघ राहिली आहे. तो म्हणाला, घालणं काही कठीण नाही, वर जागा आहे, काढायची असती तर रडला असतास. पण समितीच्या कागदात नसलेली रेघ मी माझ्या मनानं घालत नाही. एकदा एका विधवेच्या सांगण्यावरून नवऱ्याचं वय बदललं आणि तिच्या दिराच्या शिव्या खाल्ल्या. लिहून दे, सही कर. मग त्यानं विचारलं, “काय लिहितोस? चूक सांगणाऱ्याची की उतरवणाऱ्याची?”

मी खिशात हात घातला. कागद बोटांना लागला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, जे अकरा मैलांत आलं नव्हतं. हा कागद मी दाखवला तर फादर तो बघतील, मास्तर बघतील आणि सगळे एकच विचारतील, आणि तुला दिसलं नाही, फिंटन? मला दिसलं नाही यावर या गावात एकही माणूस विश्वास ठेवणार नाही. तेवढं नाव मी कमावलं आहे. मग माझ्यासमोर दोनच वाटा होत्या. एक तर मी चुकलो, नाहीतर मी बघून गप्प बसलो.

मी लिहिलं, ‘उतरवून घेताना माझ्याकडून एक रेघ राहिली. कृपया घालावी. फिंटन टॅन्सी.’ ब्रेहनीनं ते खिळ्याला अडकवलं, छिन्नी घेतली आणि चार घावांत रेघ घातली. याचा अर्थ काय होतो, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, बरं आहे, साधं आहे.

तुला वाटेल मी मोठेपणा केला. तसं नाही. मला फक्त बेफिकीर ठरणं हे दुष्ट ठरण्यापेक्षा बरं वाटलं. आणि परत येताना वाऱ्यानं तोंड फोडलं.

तुझा,
फिंटन

*

गॉलवे
७ ऑगस्ट १९६१

मित्रा फिंटन,

प्राध्यापकांना आणायला इकडे आलो आहे, म्हणून कागदावर बोलतो. ब्रेहनीकडची तुझी चिठ्ठी फादरांनी मला दाखवली. तर मग तूही माणूसच आहेस! मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. शाळेत तुझ्या शेजारी बसून माझं बालपण गेलं भीतीत. फादरांच्या टेबलाशी आम्ही सगळे पोट धरून हसलो, पण प्रेमानं हं. वडील म्हणाले, टॅन्सीची रेघ चुकली, आता जग बुडणार.

मनाला लावून घेऊ नकोस. मी तर पानागणिक चुकतो. माझा मसुदा तुझ्या हाती द्यावा असं मीच फादरांना सुचवलं होतं, तुझ्या नजरेतून काही सुटत नाही म्हणून. यापुढे तुझं काही असलं तर मीही एक नजर टाकत जाईन.

आणि हे. ऑक्टोबरनंतर मठ दाखवायला कायमचा माणूस नेमणार आहेत. मी तुझं नाव लिहून पाठवलं आहे. रेघेचा उल्लेख केलेला नाही, काळजी नको.

तुझा,
लॉर्कन

*

किलारन
१६ ऑगस्ट १९६१

प्रिय अ‍ॅटी,

लॉर्कनचं पत्र सोबत जोडलं आहे. आधी ते वाच आणि मग पुढचं.

वाचलंस? मी ते गोठ्यात वाचलं. गाय माझ्याकडे बघत होती, म्हणून तोंड फिरवून उभा राहिलो. त्यानं माझं नाव सुचवलं, म्हणजे जे माझंच होतं ते आता त्याच्या हातून मिळणार, आणि मला आभार मानावे लागणार. मानले. काल सगळ्यांसमोर, हात हातात घेऊन. त्यानं मला मिठी मारली. तो खरंच चांगला आहे, अ‍ॅटी. हेच सहन होत नाही.

अनावरण नीट झालं. पाऊस नव्हता. दोनशेच्या वर माणसं आली होती, कुठून कुठून. नोरा स्नी कुबडी घेऊन आली होती आणि तिच्या एप्रनच्या खिशात पाव होता, मी पाहिला. लॉर्कन छान बोलला. मग म्हणाला, या दगडाचीही एक गोष्ट आहे, आणि रेघेची हकिकत सांगितली. गवत, माणूस, सगळं. लोक हसले. त्या जागेवर इतक्या वर्षांत कुणी हसलं नसेल. लोकांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. प्राध्यापक म्हणाले, लहान रेघ, मोठा अनर्थ, तुमच्या वेळीच लक्षात आलं हे नशीब. मी जमिनीकडे बघत होतो.

सगळे गेल्यावर मी दगडाशी गेलो. ती रेघ बाकीच्या अक्षरांपेक्षा पांढरी दिसते, उशिरा कोरल्यामुळे. ओळ मात्र बरोबर आहे. गवताखाली गवताखालचीच माणसं आहेत. तू म्हणाली होतीस तसा मी त्यांच्यावरून रोज जाईन आणि जाऊ शकेन. ओनी आणि थेडीची नावं मी दोनदा मोठ्यानं घेतली. तुला कळावं म्हणून सांगतो, उगाच भावुक झालो असं नाही.

आज सकाळी नोरा स्नी बोस्टनच्या मुलीला लिहिलेलं पत्र घेऊन आपल्या दारावरून गेली. मी दारातच होतो. तिनं मला हात केला आणि पुढे मास्तरांच्या घराकडे चढली. लॉर्कन तपासून देतो म्हणाली. वाईट हेतूनं नाही, मला त्रास नको म्हणून.

तिच्यामागून जाऊन लॉर्कनचा तो कागद तिच्या तोंडापुढे धरावा असं मला वाटलं. फाटकापर्यंत गेलो होतो.

म्हणून लॉर्कनचा टाइप केलेला मूळ मसुदा या पाकिटात घालतो आहे. पहिल्या ओळीत गवताचा शब्द बघ. शाई कुठं कुठं लागली आहे आणि कुठं नाही ते स्पष्ट दिसतं. तो परत पाठवू नकोस, मी मागितला तरी. घरात राहिला तर मी एक दिवस तो खिशात घालून खाली गावात जाईन, मला माहीत आहे. पण जाळूही नकोस. तुझ्या पेटीत ठेव. माझ्या हातून रेघ चुकली नव्हती हे माहीत असणारं एक माणूस जगात कुठंतरी असू दे.

तुझा,
फिंटन